पाण्यातली म्हैस आणि वापरणाऱ्याचा शब्द

श्रोतेहो, ‘पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल’ ही म्हण आपणां सर्वांच्या तोंडी आहे. वस्तू पाहिल्यावाचून भाव ठरवू नये, हा तिचा अर्थ. पण म्हैस पाण्याबाहेर काढली, तरी ती दूध किती देते, धार काढताना लाथ मारते का, हे बाजारात उभ्या उभ्या थोडेच कळते? ते ठाऊक असते तिला पोसणाऱ्याला आणि त्याच्या शेजाऱ्याला. म्हणून जाणता शेतकरी दलालाचे सगळे ऐकून घेतो आणि मग हळूच त्या गावचा माणूस गाठतो.

ही रीत किती जुनी असेल? आजच्या इराकात ऊर नावाचे प्राचीन नगर होते. तेथील उत्खननात मातीची एक लहानशी वीट मिळाली. तिच्यावर इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमाराचे एक पत्र कोरलेले आहे. नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला ते लिहिले. चांगले तांबे देण्याचे कबूल करून हलके दाखवलेस, माझ्या माणसांचा अपमान केलास, शत्रूच्या मुलखातून त्यांना रिकाम्या हाती परत पाठवलेस, यापुढे मी एकेक लगड स्वतः निवडून घेईन, असा त्यातला मजकूर. ही वीट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तक्रार चोख होती. पण ती गेली कोणाकडे? विकणाऱ्याकडेच! उद्या तांबे घ्यायला येणाऱ्याला तिचा काय उपयोग? गिऱ्हाइकाचा अनुभव दुसऱ्या गिऱ्हाइकापर्यंत पोचला, तरच तो कामाचा.

ही गोष्ट पुढे लोकांनी ओळखली. अमेरिकेत १९३६ साली ग्राहकांची एक संघटना निघाली. ती वस्तू विकत घेऊन तपासी आणि निष्कर्ष आपल्या मासिकात छापी. मासिकात जाहिरात मात्र घ्यायची नाही, हा नियम. कारण उघड आहे. ज्याचे मीठ खायचे, त्याची उणीव कशी सांगायची? आपल्याकडे १९६६ साली मुंबईत ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभारली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला; त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला.

आता तर मोबाइलवर हजारो अनोळखी लोकांचे अभिप्राय वाचायला मिळतात. पण त्यांत पैसे देऊन लिहून घेतलेलेही असतात. म्हणूनच भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली अशा अभिप्रायांसाठी एक मानक ठरवून दिले.

मग आपण पारख कशी करावी? सांगणाऱ्याने वस्तू स्वतः वापरली का, किती दिवस वापरली, हे आधी विचारावे. ‘फार छान’ एवढ्यावर विसंबू नये. काय बिघडले, दुरुस्ती झाली का, हे पाहावे. एकाच्या बोलण्यापेक्षा चार निरनिराळ्या माणसांचे ऐकावे. बियाण्याच्या बाबतीत तर जास्तच जपावे. काळ्या, पाण्याखालच्या रानात जे उतरले, ते मुरमाड कोरडवाहू जमिनीत उतरेलच असे नाही. पंप बिघडला तर दुरुस्त होईल. पेरणी वाया गेली, तर हंगाम परत येत नाही.

आणखी एक. आपण फसलो हे सांगायला माणसाला लाज वाटते. तो गप्प बसतो, आणि त्याच दुकानात त्याचा शेजारी फसतो! तेव्हा मंडळी, पावती जपून ठेवा आणि घडले तेवढेच, पदरचे न घालता, चारचौघांत सांगा. वस्तू चांगली निघाली तर तेही सांगा. प्रामाणिक दुकानदाराचे ते देणेच आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना एक काम द्यावे. घरातली छत्री, दप्तर, विजेरी कधी घेतली आणि किती टिकली, हे मुलांनी वहीत लिहावे आणि वर्गात वाचून दाखवावे. नान्नीचे पत्र जेथे अडले, तेथून पुढची वाट या वह्या दाखवतील.