बापाचा कायदा, पोराची करंगळी

गुंडालाही इमान असतं, हे आपण पडद्यावर लई वेळा बघितलं. जपानच्या तोएई कंपनीनं तर या इमानावर धंदाच उभा केला. १९६३ पासून दहाएक वर्षं तिचे याकुझापट एकच सांगत राहिले: टोळीचा म्होरक्या म्हणजे बाप, साथीदार म्हणजे पोरं. साकेचा प्याला घेतला की नातं पक्कं. मग बापासाठी पोरानं तुरुंगात जायचं, मरायचं. चूक झाली तर स्वतःची करंगळी कापून पुढं ठेवायची. ताकाकुरा केन असा मरायला निघाला की लोक भारावून जायचे.

१९७३ साली किंजी फुकासाकूनं हे सोंग फाडलं. युद्धात पंधराव्या वर्षी दारूगोळ्याच्या कारखान्यात राबलेला, सोबत्यांची प्रेतं उचललेला हा माणूस. त्याच्या 'जिंगी नाकी तताकाई'चा अर्थच मुळी 'बिनइमानाची लढाई'. एका खऱ्या याकुझाच्या आठवणींवर तो बेतलेला.

सुरुवात अणुबॉम्बच्या ढगानं. मग १९४६ चं कुरे शहर, तिथला काळाबाजार. सैन्यातून परतलेला हिरोनो करंगळी कापतो, तर ती उडून पडते कोंबड्यांत! सगळे शोधत फिरतात. बाप यामामोरी रडून दाखवतो, तेव्हा हा त्याच्यासाठी खून करून तुरुंगात जातो. अन् बाप? पोरांकडून जप्त केलेला नशेचा माल मागल्या दारानं विकतो, पोरांना आपसात झुंजवतो. मेलेल्या पोराचं मयतही थाटात करतो. तिथंच हिरोनो पूजेच्या मांडणीवर गोळ्या झाडतो.

इमानाचे सिनेमे जरूर बघा. फक्त मोजा: किती पोरांच्या करंगळ्या गेल्या, अन् किती बापांच्या?