कॅमेऱ्याचं बूच आणि वाघाची नोंद

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. कॅमेऱ्याला वायर जोडण्यासाठी जी छिद्रं असतात, म्हणजे पोर्ट, त्यांच्यावरची छोटी रबरी बुचं! करंगळीच्या नखाएवढी वस्तू. हरवली तरी कुणी शोधायला जात नाही. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात आज वाघ मोजला जातो, ओळखला जातो, तो कॅमेऱ्याने. त्यामुळे हे बूच कुठून आलं आणि त्याच्यावर काय अवलंबून आहे, हे बघण्यासारखं आहे.

जुन्या कॅमेऱ्याला असं छिद्र नव्हतंच. ते आलं फ्लॅशमुळे. शटर उघडेल त्याच क्षणी दिवा पेटायला हवा, म्हणून दोघांना जोडणारी वायर आली आणि वायरीसाठी खोबण. प्रॉन्टर आणि कॉम्पुर ही जर्मन शटरांची दोन नावं. त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘पी.सी.’ म्हणून ओळखली जाणारी खोबण 1950च्या दशकात सर्वत्र रुळली. तिच्यावर एक चिमुकलं टोपण असायचं. ते कॅमेऱ्याला बांधलेलं नसे. काढलं की हातात, आणि हातातून कुठे जाईल त्याचा नेम नाही.

डिजिटल कॅमेरा आला तशी छिद्रं वाढली. यूएसबी 1996 सालचं. फोटो बाहेर काढायला एक, वीज आत घ्यायला एक, दूरून बटण दाबायला एक, 2007च्या सुमारास त्यात एचडीएमआयची भर. तेव्हा निर्मात्यांनी बुचाला रबराची शेपटी देऊन ते कॅमेऱ्यालाच अडकवलं. आपल्याकडे आजी लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला दादरा बांधायची, त्यातला दोरा तो हाच. माणूस विसरणार हे गृहीत धरूनच केलेली सोय. पण शेपटी किती टिकणार? ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक होतं, चिरतं. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जाणाऱ्या चंद्रपुरात तर लवकरच.

आता हा कॅमेरा जंगलात कसा गेला? संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाटेत तार लावून, वाघाच्याच पावलाने वाघाचा फोटो काढला. त्यांचं पुस्तक 1927 सालचं. पण मोजणीसाठी आपण अनेक दशकं पाऊलखुणांवरच विसंबलो. ओडिशाचे सरोज राज चौधरी यांनी 1966 मध्ये ती पद्धत रूढ केली: काचेवर ठसा उतरवायचा, ठशावरून वाघ ओळखायचा. पुढे राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, हे 2005 मध्ये उघड झालं. त्याआधीच, 1995 मध्ये, उल्हास कारंत यांनी नागरहोळेच्या कॅमेऱ्यांतून पट्ट्यांवरून वाघ ओळखून संख्येचा अंदाज काढण्याची रीत मांडली होती. 2006 पासूनच्या देशव्यापी मोजणीने हीच दिशा घेतली. 2018च्या फेरीत 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले आणि सुमारे साडेतीन कोटी फोटो निघाले. सुमारे 625 चौरस किलोमीटर गाभा असलेलं आपलं ताडोबा-अंधारीही त्या जाळ्यात आहे.

हे कॅमेरे जोडीने लावतात, वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर. का? वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. दोन्ही बाजू एकदम मिळाल्या तर तो एक वाघ. एकच मिळाली तर ती आधीच्या दुसऱ्या बाजूशी जुळवता येत नाही, आणि एका वाघाचे दोन होण्याचा धोका असतो.

अनेक ट्रॅप कॅमेऱ्यांच्या तळाशी बाहेरून वीज जोडायचं छिद्र असतं आणि त्यावर आपलं ते बूच. ते पडलं की काय होतं? दुपारी कॅमेरा तापतो, आतली हवा प्रसरण पावून बाहेर जाते. रात्री तो निवतो आणि बाहेरची दमट हवा आत ओढतो. कॅमेरा जणू श्वास घेतो. सोबत धूळ जाते, मुंग्या जातात. हळूहळू तांब्याच्या टोकांवर हिरवा गंज चढतो आणि एका रात्री तो गप्प होतो. गप्प झाल्याचं सांगतही नाही.

इथे माझ्या विषयाचा, तत्त्वज्ञानाचा, संबंध येतो. भाट्ट मीमांसकांनी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानलं. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळतं. पण ही अनुपलब्धी ‘योग्य’ असावी लागते. म्हणजे घडा असता तर तो दिसलाच असता, इतका उजेड आणि इतकी शाबूत नजर असली पाहिजे. अंधारात घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. आता बघा: कॅमेऱ्यात वाघ आला नाही. तिथून वाघ गेलाच नाही, असं कधी म्हणता येईल? कॅमेरा जिवंत होता हे ठाऊक असेल तेव्हाच. म्हणून प्रत्येक कॅमेरा किती रात्री चालू होता, याचा हिशेब ठेवावा लागतो. नवव्या रात्री बंद पडलेला कॅमेरा पंचवीस रात्री चालला असं धरलं, तर सोळा रात्रींचा अंधार आपण ‘वाघ नाही’ म्हणून लिहिला.

आणि हे केवळ आकड्यांपुरतं नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडकडे पावसात धानाची रोवणी चालते. बाया बांधीत वाकून काम करतात आणि जंगल बांधाला लागून असतं. माणूस मारला गेला की गावात संताप उसळतो, वाघ पकडा म्हणून. पकडायचा कोणता? आधी ओळख पटवावी लागते आणि त्यात कॅमेऱ्यांचा आधार घेतात. ऐन पावसाळ्यात, म्हणजे बूच जेव्हा सर्वांत गरजेचं तेव्हाच. ओळख चुकली तर भलताच वाघ पिंजऱ्यात जाईल आणि दुसऱ्या दिवशी बाया त्याच शेतात उतरतील.

करायचं काय, ते साधं आहे. कॅमेरा लावताना आणि काढताना बूच बसलंय का, ते बोटाने दाबून बघावं, नुसतं डोळ्याने नाही. छिद्राचं तोंड खाली ठेवावं. सुटी बुचं एका डबीत जवळ बाळगावीत. चिकटपट्टी तात्पुरती ठीक, पण उन्हात तिचा गोंद वितळून पोर्टात शिरतो. पेट्रोलियम जेली लावू नये, नैसर्गिक रबर तिने फुगतं. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. आणि नोंदवहीत एक रकाना वाढवावा: बूच आहे की नाही.

तो रकाना भरणार वनरक्षक आणि त्याच्यासोबतचा वनमजूर. 2021च्या नोव्हेंबरात ताडोबातच, मोजणीच्या पायी पाहणीवर असताना, एका महिला वनरक्षकावर वाघिणीने हल्ला केला आणि तिचा जीव गेला. ही माहिती कोण, कुठल्या जोखमीवर गोळा करतं, ते यातून दिसतं. त्यांच्या हाती दिलेल्या यंत्राचं दहा-वीस रुपयांचं बूच वेळेवर बदलून मिळणं, ही त्यांच्या बाजूने फार मोठी मागणी नाही. पुढच्या वेळी वाघांचा आकडा वाचाल, तेव्हा किती कॅमेरे लावले एवढंच विचारू नका. किती रात्री ते खरोखर चालू होते, हेही विचारा. आता प्रश्न घेऊ.