इंजिन बसलं, पण पाणी कुठून न्यायचं?

गाड्यांचा इतिहास लिहिणारी मंडळी अश्वशक्तीत रमतात. किती सिलिंडर, किती वेग, कोणत्या शर्यतीत कोण पहिलं आलं वगैरे. मला मात्र एक भलताच प्रश्न पडतो. एका गाडीचं इंजिन काढून त्या जागी दुसरं, मोठं इंजिन बसवलं, की रेडिएटरच्या नळ्या कुठून नेत असतील? इंजिन बदलल्याच्या गोष्टी सगळे रंगवून सांगतात, पण नळ्यांपाशी आले की गप्प!

या प्रश्नाच्या नादात मला सनबीम टायगरची गोष्ट सापडली. रूट्स ही इंग्लंडची कंपनी. (जुन्या मुंबईकरांना आठवेल, ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे पुढे लॅम्ब्रेटा काढणारी एपीआय, सुरुवातीला याच रूट्सच्या हिलमन मिंक्स गाड्या जोडायची.) रूट्सची सनबीम अल्पाइन ही दोन माणसांची देखणी गाडी. इंजिन चार सिलिंडरचं, १५९२ सीसी, ताकद सुमारे ८० अश्वशक्ती. अमेरिकेत लोक तिच्याकडे कौतुकाने बघत आणि विकत मात्र दुसरीच गाडी घेत. तिथे कंपनीची विक्री सांभाळणाऱ्या इयन गॅरड यांना वाटलं, हिच्यात व्ही-८ इंजिन बसलं तर?

बसेल का हे बघायला त्यांनी आपल्या सर्व्हिस मॅनेजरला, वॉल्टर मॅकेन्झींना, एक लाकडी फूटपट्टी घेऊन निरनिराळ्या कंपन्यांच्या शोरूममध्ये इंजिनं मोजायला पाठवलं. कोट्यवधींच्या निर्णयाआधी लाकडी पट्टी! मला हा माणूस फार आवडतो. त्याच्या मोजमापात फोर्डचं २६० घनइंचांचं इंजिन जेमतेम बसत होतं. लांबीला ते अल्पाइनच्या इंजिनापेक्षा साडेतीन इंचच जास्त, खरी अडचण रुंदीची. मग १९६३ मध्ये कॅरल शेल्बी यांनी १० हजार डॉलर आणि आठ आठवड्यांच्या बोलीवर नमुना तयार करायला घेतला. एप्रिल १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. १६४ अश्वशक्ती, म्हणजे थेट दुप्पट.

आता पाण्याकडे येऊ. पेट्रोल जळून जी उष्णता होते तिचा साधारण एक तृतीयांश भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. ताकद दुप्पट केली की पाण्याचं ओझंही त्याच बेताने वाढतं. गाडीचं तोंड मात्र तेवढंच, आणि हवा तिथूनच आत यायची. अल्पाइनच्या रेडिएटरमध्ये पाणी वरून खाली उतरायचं. अशा रेडिएटरला वर एक टाकी आणि खाली एक, त्यामुळे जाळीच्या उंचीतली जागा टाक्याच खातात. टायगरला आडवा रेडिएटर दिला. टाक्या दोन्ही कडांना आणि पाणी एका बाजूने दुसरीकडे, म्हणजे बुटक्या बॉनेटखालीही जाळी मोठी मिळते. आणि टाक्यांची जागा बदलली की नळ्यांची तोंडंही बदलली, सगळा रस्ता नव्याने आखायचा.

हा रस्ता आखणं वाटतं तितकं सोपं नाही. रबरी नळीला जास्त वाक दिला तर ती बागेतल्या पाइपासारखी दुमडते. खालच्या नळीतून पंप पाणी खेचत असतो, त्या ओढीने ती चपटी होऊ नये म्हणून आत तारेची स्प्रिंग घालतात. वरच्या नळीला मध्येच उंचवटा राहिला तर तिथे हवा अडकते आणि पाणी असूनही इंजिन तापतं. नळी फॅनपासून दूर हवी, पट्ट्यापासून दूर हवी, एक्झॉस्टपासून तर हवीच हवी. पुन्हा इंजिन रबराच्या पायांवर डोलत असतं आणि रेडिएटर चासीला घट्ट, म्हणून दोघांमध्ये नळीला थोडी ढील ठेवावी लागते. आणि एवढं सगळं जिथे हातही धड जात नाही अशा जागेत!

पुढे गर्दी नको आणि वजनाचा तोलही साधावा म्हणून इंजिन शक्य तितकं मागे सरकवलं होतं. पण मागे होती इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधली पत्र्याची भिंत. गाड्या वेस्ट ब्रॉमविचला जेन्सनच्या कारखान्यात जोडल्या जायच्या. तिथले कामगार रंग देऊन झालेल्या त्या भिंतीवर घण मारून पत्रा आत दाबायचे, मगच इंजिन आत जायचं. मागचा एक स्पार्क प्लग तर बॉनेट उघडून हाती लागतच नसे. त्यासाठी भिंतीला भोक पाडून रबरी बूच लावलं होतं. प्लग बदलायचा तर गाडीच्या आत बसायचं आणि बूच काढायचं. ऑइल फिल्टरचीही जागा बदलावी लागली.

एवढं करूनही टायगर तापते अशी मालकांची तक्रार राहिलीच. रेडिएटर मोठा केला, पण त्यातून आत आलेल्या गरम हवेला त्या ठासून भरलेल्या जागेतून बाहेर पडायला वाटच पुरेशी नव्हती. नळ्यांचं गणित सुटलं, हवेचं राहिलं. ‘गेट स्मार्ट’ या अमेरिकी मालिकेत नायकाच्या टायगरच्या बॉनेटमधून मशीनगन वर येताना दिसते. ती दृश्यं टायगरचं नाव लावलेल्या साध्या अल्पाइनवर घेतली होती, कारण टायगरच्या बॉनेटखाली बंदुकीला जागाच नव्हती!

पण खरा घोटाळा पुढेच झाला. रूट्सची आर्थिक तब्येत खालावली होती. १९६४ मध्ये क्रायस्लरने तिच्यात हिस्सा घेतला आणि १९६७ मध्ये ताबा. प्रतिस्पर्धी फोर्डचं इंजिन घालून गाडी विकणं क्रायस्लरला कसं पटावं? त्यांच्याकडे स्वतःचं २७३ घनइंचांचं व्ही-८ होतं, ताकदीला काही कमी नव्हतं. पण फोर्डच्या इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर पुढे, क्रायस्लरच्या इंजिनाचा मागे, नेमका त्या घण मारून दाबलेल्या भिंतीपाशी. तिथे आणखी जागा आणायची कुठून? तीन-साडेतीन वर्षांत सुमारे ७ हजार गाड्या झाल्या आणि १९६७ मध्ये टायगर बंद झाली. तोवर क्रायस्लरने एवढंच केलं, की गाडीच्या कडेची ‘फोर्ड २६०’ सांगणारी पाटी काढून तिथे नुसतं ‘सनबीम व्ही-८’ लावलं. बॉनेटखाली इंजिन शेवटपर्यंत फोर्डचंच होतं.