कामातील समाधान आणि भावनांची जाण

दर्यापूर हे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील तालुक्याचे ठिकाण. मृगाच्या तोंडावर अशा गावातील बँकांत पीककर्जासाठी रांगा लागतात. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्यासमोर अर्जांचा ढीग असतो, तर अलीकडच्या शेतकऱ्याची पेरणी खोळंबलेली असते. अशा वेळी ‘उद्या या’ हे दोन शब्द कसे उच्चारले जातात, यावर दोघांचाही दिवस अवलंबून असतो.

स्वतःच्या व दुसऱ्याच्या भावना ओळखणे, समजून घेणे आणि त्यांचे नियमन करणे म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता. पीटर सॅलोव्हे व जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही संकल्पना शास्त्रीय स्वरूपात मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ मधील पुस्तकामुळे ती सर्वतोमुखी झाली. आत्मभान, आत्मसंयम, प्रेरणा, सहानुभाव आणि सामाजिक कौशल्य ही गोलमन यांनी सांगितलेली तिची पाच अंगे होत.

राग गिळणे म्हणजे मात्र भावनिक बुद्धिमत्ता नव्हे. नोकरीचा भाग म्हणून ठरावीक भावना दाखवाव्या लागणे याला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ म्हटले. आत संताप आणि चेहऱ्यावर हसू, असे रोज घडू लागले की माणूस थकतो व कामावरून त्याचे मन उडते.

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये आणखी एक भेद दाखवला. अपुरे वेतन, वाईट देखरेख व गैरसोयी यांमुळे असमाधान वाढते. परंतु त्या दूर झाल्या म्हणजे समाधान लाभतेच असे नाही. ते मिळते यश, जबाबदारी आणि कामाची दखल यांतून.

संवादाचा वस्तुपाठ या परिसराला परका नाही. जवळच्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले संत गाडगेबाबा कीर्तनात वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवीत. आधी हाती झाडू, मग उपदेश, हा त्यांचा क्रम होता. सांगणाऱ्याने स्वतः केलेले काम दिसले की त्याच्या शब्दाला वजन येते, हे कार्यालयातील वरिष्ठांनीही ध्यानात घ्यावे.

रोजच्या व्यवहारात पुढील पथ्ये उपयोगी पडतात :

* समोरच्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये.
* नकार देताना कारण आणि पुढची तारीख सांगावी.
* चूक एकांतात दाखवावी, कौतुक चारचौघांत करावे.
* संतापाच्या भरात लेखी उत्तर देऊ नये.
* सहकाऱ्यावर नव्हे, त्याच्या कृतीवर बोलावे.

तथापि, रिक्त पदे, अवाजवी उद्दिष्टे किंवा तुटपुंजे वेतन यांवर गोड बोलणे हा उपाय नाही. कर्मचाऱ्याला केवळ संयमाचे प्रशिक्षण देऊन व्यवस्थेची जबाबदारी संपत नाही. कामाचा भार वाजवी असेल आणि वरिष्ठ ऐकून घेत असतील, तरच खिडकीवरचा माणूस रांगेतल्या माणसाचे मनापासून ऐकू शकतो.