आवाजाची दुसरी प्रत

माझी एक मावशी हैदराबादेत काचीगुड्याला राहत असे. तिच्या मराठीत ‘हौ’ आणि ‘नक्को’ इतके मुरलेले होते, की पुण्याकडचे पाहुणे गालात हसत. तिला त्याचे काही वाटत नसे. शेवटच्या आजारपणाआधी तिने दख्खन रेडिओच्या आठवणी सांगितल्या आणि मी त्या मोबाइलवर मुद्रित केल्या. पुढे फोनमध्ये जागा उरेना, म्हणून मी मुद्रणाचे ॲप काढून टाकले. मावशी गेल्यावर तो आवाज शोधू लागलो, तेव्हा ॲपबरोबर तोही गेल्याचे कळले.

ज्या रेडिओविषयी ती बोलत होती, त्याची गत फारशी निराळी नाही. निजामाच्या राज्यातले हे केंद्र ३ फेब्रुवारी १९३५ रोजी चिराग अली गल्लीतून सुरू झाले. प्रक्षेपकाची शक्ती अवघी २०० वॅट. उर्दू ही दरबाराची भाषा. तेलुगू, मराठी, कानडी या प्रजेच्या. रेडिओवरही उर्दूचाच वरचष्मा होता, पण बाकीच्या भाषांना थोडाफार वेळ मिळे. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन सुरू झाली आणि १७ तारखेला निजाम मीर उस्मान अली खान यांनी शस्त्रसंधी याच रेडिओवरून जाहीर केली. १ एप्रिल १९५० ला हे केंद्र आकाशवाणीकडे आले. १ नोव्हेंबर १९५६ ला तर राज्याचेच तीन भाग झाले.

त्या पंधरा वर्षांत ध्वनिक्षेपकापुढे बोललेले, गायलेले किती मराठी आवाज आज ऐकता येतील? त्या काळी प्रक्षेपण बहुतेक थेट होई. आवाज राखायचा तर तबकडी कोरावी लागे, आणि ते खर्चाचे काम. चुंबकीय फीत दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र पसरली. पण तीही महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरली जाई. बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या १९६० च्या दशकातल्या अनेक भागांच्या फिती अशाच पुसल्या. तरी त्या हरवलेल्या सगळ्या भागांचा आवाज आज शाबूत आहे, कारण काही हौशी प्रेक्षकांनी घरी दूरचित्रवाणीसमोर टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता.

आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह लाखावर ओव्या उतरवून घेतल्या. १९९६ पासून बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या कित्येक बायांच्या तोंडून मुद्रित झाल्या. तो ठेवा पुढे ‘पारी’ या संग्रहाच्या हाती आला आणि २०१७ पासून लोकांना ऐकायला मिळू लागला. एका हातातून दुसऱ्या हातात गेला, म्हणून तो टिकला.

फोनचे गणितही हेच. ॲपच्या खासगी कप्प्यातले मुद्रण ॲपबरोबरच जाते. जुन्या संगणकात पुसलेल्या फायलीची फक्त नोंद जाई. मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राही. आजच्या फोनमध्ये साठा कुलूपबंद सांकेतिक रूपात असतो, त्यामुळे खोदकाम करून सहसा काही हाती लागत नाही. शोधायचे ते दुसरीकडे: फोनच्या सामाईक ध्वनी-कप्प्यात, इंटरनेटवरच्या राखीव प्रतीत, किंवा ज्याला कधी पाठवले असेल त्याच्याकडे.

मीही तसेच शोधले. उदगीरच्या मावसबहिणीला मी एक तुकडा पाठवला होता, तो तिच्या फोनमध्ये निघाला. चाळीस मिनिटांतली अकरा मिनिटे. त्यात मावशी सांगते, की शेजारच्या तेलुगू घरी रेडिओ होता; मराठी गाणे लागले, की ती मंडळी हिला हाक मारत आणि तेलुगू लागले, की ही तिथेच बसून राही. मध्येच कुकरची शिट्टी होते. ती थांबते आणि म्हणते, “हौ, लिहून घेतलंस का?”

या दिवाळीत त्या अकरा मिनिटांच्या चार प्रती चार घरी ठेवल्या आहेत. वाचकहो, आपल्याही घरी असे कुणी बोलणारे असेल, तर त्यांचे बोलणे नुसते मुद्रित करून थांबू नका. दुसऱ्या घरी त्याची एक प्रत आजच पाठवा.