कौशल्य मान्य, राजीनामा अमान्य

‘पोकर हा बुद्धीचा खेळ आहे, आणि जे बुद्धीने जिंकता येते त्यावर पोट भरता येते.’ नांदेड-लातूरकडच्या शिकलेल्या, गणितात हुशार, पंचविशी-तिशीतल्या तरुणांत हे मत चांगलेच रुजले आहे. कुणी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असतो, कुणी गावातच बँकेत लागलेला असतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खेळून पगाराइतके पैसे दोन-तीन महिने सुटले, की राजीनाम्याचा विचार डोक्यात घर करतो. ऑगस्ट 2025च्या केंद्रीय कायद्याने पैशांची ॲप बंद झाली, तरी हा विचार बंद झालेला नाही. तो आता गोव्यातल्या कॅसिनोंकडे पाहू लागला आहे.

या मताचे मला खंडन करायचे आहे. पण घरोघरी ते ज्या रीतीने केले जाते त्या रीतीने नाही. ‘पत्ते म्हणजे जुगार, जुगार म्हणजे नशीब’ एवढे बोलून वडील गप्प बसतात आणि तिथेच हरतात, कारण त्यांचे विधान खोटे आहे हे मुलाला ठाऊक असते. त्याच्या दृष्टीने गावाबाहेरच्या शेडमध्ये चाललेले तिर्रट आणि पोकर यांना एकाच मापाने मोजणारा माणूस दोन्ही खेळांबद्दल अज्ञानी आहे. इथे मुलाचेच बरोबर आहे.

म्हणून आधी पूर्वपक्ष, आणि तो कमजोर करून न मांडता. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण’ या 1968च्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात मान्य केले. कोणता पत्ता पडला हे लक्षात ठेवावे लागते, काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवावे लागते, म्हणून ती तीन पत्त्यांच्या जुगारासारखी नाही, असे न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी लिहिले. प्रकरण सिकंदराबादच्या एका क्लबचे होते आणि ज्या कायद्याखाली चालले तो निजामाच्या राजवटीतला, 1305 फसलीचा हैदराबाद जुगार कायदा. नांदेड आणि लातूर ज्या संस्थानात होते त्याच संस्थानाचा हा कायदा. तेव्हा कौशल्य आणि नशीब यांतला भेद मराठवाड्याला परका नाही. पोकरबाबत उच्च न्यायालयांत एकमत नाही. गुजरातने 2017 साली त्याला नशिबाचा खेळ ठरवले, अलाहाबादने 2024 साली कौशल्याचा. माझा कौल अलाहाबादच्या बाजूने आहे.

त्याहून मोठा पुरावा गणिताचा. फॉन नॉयमान आणि मॉर्गनस्टर्न यांच्या खेळ-सिद्धांतावरच्या 1944च्या ग्रंथात पोकरला स्वतंत्र जागा आहे. हूल कधी द्यावी याचे गणित तिथे मांडलेले आहे. 2017च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणक प्रणालीने चार नामांकित व्यावसायिकांना हरवले. निव्वळ नशिबाच्या खेळात यंत्राला असे सातत्याने जिंकता येणार नाही. आणि आपल्या परंपरेला तरी हे कुठे नवे होते? वनपर्वातल्या नलोपाख्यानात फाशांची विद्या आहे, तिला ‘अक्षहृदय’ असे नाव आहे, ती शिकवता येते आणि शिकल्यावर हरलेले राज्य परत मिळते.

इथपर्यंत मी त्या तरुणाच्या बाजूचा आहे. आता उत्तरपक्ष.

खेळात कौशल्य आहे, हे एक विधान. ते कौशल्य माझ्यात आहे, हे दुसरे. आणि त्यावर घर चालेल, हे तिसरे. प्रचलित मत पहिल्या विधानाचा पुरावा देते आणि तिसऱ्याचा निष्कर्ष काढते. मधली पायरीच गाळलेली आहे.

ती पायरी किती उंच आहे ते आकड्यांत पाहू. चांगला खेळाडू दर 100 डावांमागे सरासरी 5 बिग ब्लाइंड कमावतो असे धरू (बिग ब्लाइंड म्हणजे डावाच्या सुरुवातीची मोठी सक्तीची पैज; कमाई याच एककात मोजतात). हा वेग कमी नाही. त्या 100 डावांतल्या चढउताराचे प्रमाण विचलन मात्र 90 बिग ब्लाइंडच्या आसपास असते. याचा अर्थ 10,000 डावांनंतर अपेक्षित नफा 500 आणि प्रमाण विचलन 900. अशा खरोखर चांगल्या दहा खेळाडूंपैकी जवळपास तिघे 10,000 डावांनंतरही तोट्यात असतील. उलट, दर 100 डावांमागे 2 बिग ब्लाइंड हरणारे, म्हणजे निश्चितपणे कच्चे दहा खेळाडू घ्या. त्यांतले चौघे 10,000 डावांनंतर नफ्यात दिसतील. एक लाख डाव झाले, तरी या कच्च्यांपैकी चारांत एक नफ्यातच असेल आणि स्वतःला कसलेला समजत असेल. लिब्राटसच्या सामन्यासाठी संशोधकांनी 1,20,000 डाव का ठेवले, ते यावरून कळावे.

म्हणून दोन-तीन महिन्यांचा नफा हा पुरावा नव्हे. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या मुलाला हे पटणे विशेष अवघड जाते, आणि त्याचे कारण त्याच्या शिक्षणात आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या, दयानंदच्या आवारांतून आणि भोवतालच्या शिकवण्यांतून त्याने वर्षानुवर्षे एकच व्यवहार पाहिला: सराव चाचणी, गुण, चूक कुठे झाली, पुन्हा चाचणी. मेहनत आणि गुण यांच्यातले अंतर तिथे आठवड्याभराचे असते. पोकरचे टेबल गुणपत्रिका देत नाही. बरोबर खेळून हरणे आणि चुकीचे खेळून जिंकणे रोज घडते, आणि ज्याची सवय गुणांवर विश्वास ठेवण्याची आहे तो मुलगा चुकीच्या खेळालाच शाबासकी देत बसतो. त्याची हुशारी खरी आहे. तिला खरे-खोटे सांगणारा परीक्षकच इथे नाही.

आता तिसरे विधान, ज्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. समजा, कौशल्य सिद्ध झाले. वेग तोच, 100 डावांमागे 5. हाताशी 2,000 बिग ब्लाइंडचे भांडवल, म्हणजे 20 बाय-इन, टेबलावर बसताना न्यायच्या रकमेच्या 20पट. संभाव्यताशास्त्रातले दिवाळ्याचे सूत्र लावले, तर हे सगळे भांडवल कधीतरी बुडण्याची शक्यता साडेआठ टक्के निघते. पगार चालू असलेल्या माणसाला हा धोका पेलवतो. आता त्याने नोकरी सोडली. घरभाडे, किराणा, आईची औषधे, बहिणीच्या लग्नाचे कर्ज, सारे त्याच कमाईतून. 5पैकी 3 घरात गेले, भांडवलात उरले 2. त्याच सूत्राने बुडण्याची शक्यता 37 टक्क्यांवर जाते. पाचही घरात गेले, तर आज ना उद्या बुडणे निश्चित आहे. प्रश्न फक्त कधी एवढाच. पत्ते तेच, खेळाडू तोच, प्रतिस्पर्धी तेच. बदलला फक्त पगार.

नोकरी ही पोकरच्या आड येते, ती सुटली की कौशल्याला मोकळे रान मिळेल, हे गृहीतक इथे कोसळते. ज्या कामगिरीच्या जोरावर तो राजीनामा देऊ पाहतो, ती कामगिरी पगाराच्या आधाराने झालेली असते. महिनाअखेरच्या हप्त्याचे पैसे पुढ्यात मांडून बसलेला माणूस योग्य वेळी हूल देत नाही, योग्य वेळी पत्ते टाकतही नाही. राज्य गमावलेला नळसुद्धा अक्षहृदय शिकला तेव्हा अयोध्येत ऋतुपर्ण राजाच्या पदरी बाहुक नावाने सारथ्याची चाकरी करत होता. कुंडिनपूरच्या वाटेवर बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे ऋतुपर्णाने न मोजता सांगितली, नळाने मोजून खातरी केली आणि अश्वविद्येच्या बदल्यात ही विद्या घेतली. त्याच्याकडे द्यायला दुसरी पक्की विद्या होती.

यावर आपल्याकडे एक उत्तर हमखास मिळते आणि ते मनाला लागणारे आहे. ‘शेती तरी काय आहे? बापाने सोयाबीन पेरले तोही जुगारच.’ 2025च्या सप्टेंबरात नांदेड-लातूरच्या शिवारांत उभे पीक पाण्याखाली गेलेले ज्याने पाहिले, त्याला हे वाक्य हसण्यावारी नेता येणार नाही. तरीही तुलना चुकीची आहे. शेतकऱ्याला धोका आहे म्हणून शेती जुगार ठरत नाही. पाऊस नीट झाला, तर एकाच्या खळ्यातली रास दुसऱ्याच्या खळ्यातून आलेली नसते. जमिनीतून नवे काही उगवते, मोंढ्यात येते, लातूरच्या गिरणीत जाते, कुणाच्या तरी ताटात पडते. भाव पडतो, 2025च्या हंगामातला सोयाबीनचा 5,328 रुपयांचा हमीभाव कागदावर राहिला, हे सगळे खरे. ती अन्यायाची गोष्ट आहे आणि तिच्याशी भांडायला हवे. पण पोकरच्या टेबलावर काहीच उगवत नाही. जो रुपया माझ्याकडे आला तो समोरच्याच्या खिशातून आला, आणि मधल्या मध्ये खेळ चालवणाऱ्याने आपला वाटा कापून घेतला. अड्ड्यावर त्याला ‘नाल’ म्हणतात, कॅसिनोत ‘रेक’. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही द्यूताध्यक्ष जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेतो. म्हणजे सर्व खेळाडूंची बेरीज केली तर ती नेहमी तोट्याचीच भरणार. व्यावसायिकाचे पोट भरायचे, तर टेबलावर नियमाने हरणारे लोक रोज हवेत, आणि ते बहुधा त्याच्यासारखेच पगारदार असतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या चौतिसाव्या सूक्तात बायको, आई, घर गमावलेल्या जुगाऱ्याला फासे सोडून शेत कसायला सांगितले आहे. शेतीचा धोका त्या काळी कमी नव्हता. तरी दोन्हींतला फरक त्या ऋषीला दिसत होता.

राहिला कायदा आणि कर. ऑनलाइन गेमिंगच्या 2025च्या कायद्यावर 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैशांचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा प्रश्नच ठेवलेला नाही, दोन्ही बंद. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ‘कौशल्य’ या ज्या शब्दावर राजीनाम्याची सारी इमारत उभी होती, तो शब्दच कायद्याने ऑनलाइन खेळापुरता निरर्थक केला. अमेरिकेत 15 एप्रिल 2011 रोजी सरकारने मोठ्या पोकर संकेतस्थळांवर कारवाई केली, तेव्हा तिथल्या व्यावसायिकांचे उत्पन्न एका दिवसात थांबले आणि कित्येकांनी देश सोडला. त्यांच्यात कौशल्याची कमतरता नव्हती.

महाराष्ट्रात 1887चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे, पण पोकर त्या सुटीत बसतो हे लॉजवर छापा पडल्यानंतर कोर्टात सिद्ध करावे लागेल. आणि नाल घेतली जात असेल, तर रमीच्या निकालातही क्लबचालकाला अभय नव्हते. खेळातून मालक नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो, असे तिथेच म्हटले आहे. राज्याचा 1976चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही, 2023 साली तो रद्दही झाला. उरतो गोवा. तिथे जिंकलेल्या रकमेवर आयकर सरसकट 30 टक्के. खर्च वजा होत नाही आणि कायद्याच्या अक्षराप्रमाणे तोटाही वजा होत नाही. वर्षभरात जिंकलेल्या बैठकींची बेरीज 12 लाख आणि हरलेल्यांची 8 लाख असेल, तर हाती आले 4 लाख. कर मात्र 12 लाखांवर: उपकरासह 3,74,400 रुपये. उरले 25,600. त्यातून लातूरहून गोव्याला जाणे-येणे आणि वर्षभराचे राहणे. हा कर न भरता जगू, असे ज्याचे उत्तर असेल, त्याने आपण पेशा निवडत आहोत असे म्हणू नये.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. कॅसिनोच्या टेबलावर तासाला 25-30 डाव होतात. वर्षातून वीस दिवस रजा काढून रोज आठ तास खेळले, तरी एक लाख डावांना वीसहून अधिक वर्षे लागतील. ‘म्हणजे तुम्ही मला परीक्षेलाच बसू देत नाही,’ असे तो म्हणेल, आणि ते खरे आहे. पूर्णवेळ खेळला तर हीच परीक्षा सुमारे दोन वर्षांची. पण त्या दोन वर्षांची फी म्हणजे त्याची नोकरी, आणि निकाल प्रतिकूल लागला तर ती परत मिळत नाही. ज्यांच्याकडे ॲपच्या काळातली लाखावर डावांची पूर्ण नोंद आहे, रेक वजा जाऊन नफ्याची, आणि दोन वर्षांचा घरखर्च ज्यांनी भांडवलाबाहेर ठेवला आहे, असे काही थोडे असतील. त्यांच्या कौशल्याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो नाल, कर आणि छाप्यातून मोकळी अशी खेळायला जागा कुठे उरली आहे यावर. बाकीच्यांनी थांबावे. ऑनलाइन खेळाच्या 2025च्या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आहेत. निकाल याचिकाकर्त्यांच्या बाजूने लागला, तर परीक्षेचे दार पुन्हा उघडेल, आणि ती परीक्षा तेव्हाही नोकरीत राहूनच देता येईल: चार टेबले, तासाला पावणेतीनशे डाव, रोज दोन तास, सहा महिन्यांत एक लाख.