पेव, कणगी आणि कुत्र्याच्या खाद्याचा डबा

१/ लकडगंज ही नागपूरच्या पूर्व भागातील लाकडाची बाजारपेठ. 'गंज' या मूळ फारसी शब्दाचे अर्थ खजिना, कोठार आणि पुढे बाजार. ज्या वस्तीच्या नावातच कोठार आहे, तेथील घरांत आज एक नवा जिन्नस साठवला जातो : कुत्र्याचे कोरडे खाद्य. त्याच्या साठवणीमागील इतिहास या धाग्यात पाहू.

२/ पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील त्या शेतकरी वसाहतीत धान्याचे कोठार आणि साठवणीचे खड्डे आढळले. साठवण ही आपल्याकडे किमान तीन सहस्रकांची विद्या आहे.

३/ पुढील काळातील पेव म्हणजे जमिनीखालील बंदिस्त कोठार. आतील धान्य श्वसन करते, प्राणवायू संपतो आणि कीड गुदमरते. म्हणूनच नुकत्याच उघडलेल्या पेवात तत्काळ उतरणे जीवघेणे ठरे. आधी दिवा सोडून हवा पारखली जाई.

४/ घरात कणगी असे : बांबूची विणलेली, शेणमातीने लिंपलेली. धान्यात राख किंवा कडुनिंबाचा पाला मिसळत. नवे पीक भरण्यापूर्वी कणगी रिकामी करून पुन्हा सारवली जाई.

५/ या व्यवस्थेत कुत्र्यासाठी वेगळे कोठार नव्हते. खंडोबाच्या नैवेद्यातील घास असो वा रोजची भाकरी, त्याचा वाटा घरच्या चुलीवरूनच येई.

६/ हे बदलले लंडनमध्ये. १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट या अमेरिकी व्यावसायिकाने गहू, भाज्या व मांस यांची कुत्र्यांसाठीची बिस्किटे बाजारात आणली. जहाजांवरील टणक बिस्किटे कुत्रे खाताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते.

७/ १९५७ मध्ये अमेरिकेतील प्युरिना कंपनीने नव्या पद्धतीचे खाद्य विक्रीस आणले. पीठ वाफेच्या दाबाखाली शिजवून साच्यातून काढायचे, फुललेले दाणे वाळवायचे आणि वरून चरबी फवारायची. आजचे बहुतेक कोरडे खाद्य याच रीतीने बनते.

८/ येथेच आपली फसगत होते. दिसायला हे दाणे, परंतु स्वभाव पिठाचा! अखंड बाजरी वर्षभर टिकते. तिचेच पीठ काही दिवसांत कडू होते, कारण दाण्यातील तेल उघडे पडते. कुत्र्याच्या खाद्यात तर चरबी बाहेरच असते. हवा, उष्णता व उजेड तिला खवट करतात. नागपूरचा मे महिना ४५ अंशांपुढे जातो आणि त्यामागोमाग दमट पावसाळा येतो.

९/ म्हणून खाद्य मूळ पिशवीतच ठेवून ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. मुदत व उत्पादन क्रमांकही त्यामुळे हाताशी राहतात. जुन्या खाद्यावर नवे ओतू नये. डबा धुऊन पूर्ण वाळवावा. उघडलेली पिशवी साधारण महिना-दीड महिन्यात संपेल, एवढीच घ्यावी. धान्यात ठेवायच्या पाऱ्याच्या गोळ्या मात्र येथे कदापि नकोत. कुत्रा त्या गिळू शकतो.

१०/ पूर्वजांचे नियम जुने झालेले नाहीत : हवा रोखा, ओल टाळा, नवे भरण्यापूर्वी जुने काढा. बदलला आहे तो केवळ जिन्नस. आणि खवट खाद्याविषयी मुक्या जनावराला तक्रार करता येत नाही. ते हुंगून पाहणे आपलेच काम.

तुमच्या गावी कणगीला काय म्हणतात? अवश्य कळवा.